पाय किती वेळा टेकला? नवा सायकल मार्ग तपासण्याची रीत

उद्घाटनानंतर तिसऱ्या दिवशी मी आमच्याकडच्या एका नव्या सायकल मार्गावर पहिल्यांदा सायकल घातली. लांबी दीड किलोमीटरला थोडी कमी. लाल रंग अजून ओला वाटावा इतका ताजा, कडेला पिवळे खांब, थोड्या थोड्या अंतरावर जमिनीवर रंगवलेली पांढरी सायकल. तेवढ्या अंतरात मला अकरा वेळा पाय टेकावा लागला. दोनदा उतरून सायकल उचलावी लागली. शेवटच्या तीनशे मीटरला मी मुकाट्याने मुख्य रस्त्यावर आले आणि बसच्या मागे लागले, मार्ग होण्याआधी जात होते तशीच.

तेव्हापासून कुठलाही नवा मार्ग बघायचा तर मी आधी पाय मोजते. सायकल एकदा गतीत आली की पायांना फारसं काम नसतं. खरी मेहनत थांबून पुन्हा निघण्यात असते, आणि कॅरियरवर ओझं असेल तर तोलही तिथेच जातो. चालवणाऱ्याला जिथे पाय टेकावा लागतो, तिथे आखणाऱ्याने काहीतरी सोडून दिलेलं असतं.

हा लेख पहिल्यांदाच असा मार्ग तपासायला निघालेल्यांसाठी आहे: सोसायटीतला एखादा उत्साही, कॉलेजातला प्रकल्प करणारा मुलगा, मुलीला सायकलने शाळेत पाठवावं की नाही या विचारात पडलेले पालक. नगररचनेची पदवी लागत नाही. दोन-तीन फेऱ्यांना मिळून एक दिवस पुरतो.

नेदरलँड्समध्ये ‘क्रो’ या संस्थेची सायकल रचनेची मार्गदर्शिका जगभर वापरतात. तिच्यात चांगल्या मार्गाच्या पाच कसोट्या आहेत. मराठीत त्यांचे पाच ‘स’ होतात: सलग, सरळ, सुरक्षित, सोयीचा, सुंदर. आपल्याकडे गणित बहुतेक वेळा पाचव्यापासून सुरू होतं आणि पहिल्यावर नापास होतं.

आपल्याकडे नियम नाहीत असं मात्र समजू नका. इंडियन रोड्स काँग्रेसची सायकल मार्गांसाठीची शिफारस, आयआरसी ११, २०१५ मध्ये सुधारून निघाली. पुण्याने २००६ मध्ये कात्रज ते हडपसर बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, सुरू केली तेव्हाही कडेने सायकल मार्ग होते. २०१६ मध्ये शहराची रस्तारचनेची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने सायकल आराखडा मंजूर केला. म्हणजे कागद आहेत. तुम्ही कागद आणि जमीन यांच्यातलं अंतर मोजायला निघाला आहात.

निघण्याआधी

पाच मीटरची टेप, खडू, पाण्याची भरलेली बाटली, मोबाईल, वही. सोबत एक माणूस असेल तर उत्तम, कारण चालवणाऱ्याने लिहायला थांबायचं नसतं.

सायकल मात्र विचार करून निवडा. जाड टायरची, शॉक ॲब्सॉर्बरवाली सायकल नेलीत तर ती निम्मे दोष गिळून टाकेल. कोणाची तरी जुनी काळी सायकल मागून आणा आणि कॅरियरवर दहा किलो तांदळाची पिशवी बांधा. मार्ग ज्यांच्यासाठी असायला हवा त्यांची सायकल अशीच असते. पहाटे घाटात जाणाऱ्या हेल्मेटवाल्यांना या मार्गाची फारशी गरज नसते, ते रस्त्यावरूनच जातात आणि जातील. सकाळी सात वाजता पाळी संपवून घरी निघालेला वॉचमन, पेपर टाकणारा पोरगा, डबे पोचवणाऱ्या मावशी, शाळेतली मुलगी, बांधकामावर जाणारे दोघे एकाच सायकलवर… हे तुमचे परीक्षक.

वेळ निवडताना एकच पथ्य: रविवारी सकाळी जाऊ नका. रविवारी सकाळी सात वाजता कुठलाही रस्ता चांगलाच असतो. जायचं ते शाळा भरायच्या वेळी, मग संध्याकाळी सहा ते आठमध्ये, एकदा रात्री दिवे लागल्यावर. पावसाळा असेल तर एक मोठी सर येऊन गेल्यावर अर्ध्या तासाने.

मार्ग कुठून कुठे जातो

घरीच मोबाईलवर नकाशा उघडा. मार्गाची दोन टोकं शोधा आणि प्रत्येक टोकाला विचारा: इथून पुढे काय? पुष्कळ मार्ग रुंद रस्ता मिळाला तिथे सुरू होतात आणि अरुंद झाला तिथे संपतात. सायकलवाल्याला मार्गाची खरी गरज अरुंद भागातच असते, हे वेगळं सांगायला नको. टोकाला मार्ग सरळ रहदारीत सोडून देत असेल, तर ती वहीतली पहिली नोंद.

मग दोन्ही बाजूंना साधारण एक किलोमीटरच्या पट्ट्यात शाळा, मंडई, मेट्रो स्थानक, वस्त्या, कारखाने, सरकारी दवाखाना यांवर खुणा करा. मार्ग यांतल्या किती ठिकाणांना नेऊन सोडतो? नाल्याच्या कडेने, उद्यानाला वळसा घालून जाणारा मार्ग फिरायला छान असतो, पण कामाला जाणारा माणूस सातशे मीटरच्या जागी बाराशे मीटर जाणार नाही. स्पेनमधल्या सेव्हिल शहराने २००६ पासून मोजक्या वर्षांत एकमेकांना जोडलेलं जाळंच उभं केलं आणि तिथे सायकली लक्षणीय वाढल्या. सुटे सुटे तुकडे करत बसले असते तर तसं झालं नसतं, असं माझं मत.

पहिली फेरी: थांबायचं नाही, मोजायचं

पहिल्या फेरीत टेप बाहेर काढायची नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, नेहमीच्या वेगाने, शक्य तितकं मार्गावरूनच जायचं. पाय टेकला की सोबत्याने खडूने तिथे फुली मारायची आणि कारणाचं एक अक्षर लिहायचं. मी असं लिहिते: ‘गा’ म्हणजे उभी गाडी, ‘खां’ म्हणजे खांब, ‘मा’ म्हणजे चालणारी माणसं, ‘धा’ म्हणजे धार किंवा पायरी, ‘चौ’ म्हणजे चौक. मार्ग सोडून रस्त्यावर उतरावं लागलं तर फुलीभोवती गोल. सिग्नलला थांबलात तर ते यात धरायचं नाही, तिथे सगळेच थांबतात. मग तेच उलट दिशेने, मार्ग दुसऱ्या बाजूलाही असेल तर त्यावरून.

किलोमीटरला एक-दोनदा पाय टेकला तर मार्ग ठीक आहे असं मी धरते. पाच-सहा झाले की लोक तो सोडून देतात. हा माझा ठोकताळा आहे, कुठल्या संहितेतला आकडा नव्हे. चार-पाच मार्ग तपासून झाले की तुमचा तुम्हालाही अंदाज येतो.

आता जिथे फुल्या पडल्या तिथेच परत जायचं आणि टेप काढायची. अख्खा मार्ग मोजत बसू नका, कंटाळून जाल.

रुंदी: कागदावरची आणि उरलेली

सायकलचं हँडल साधारण ६० ते ७० सेंटीमीटर रुंद असतं. पण माणूस सरळ रेषेत जात नाही, थोडा डुलतो. म्हणून एका सायकलला सुमारे १ मीटर धरायचा. दुसऱ्याला मागून पुढे काढायचं असेल तर २ मीटर. त्यामुळेच आपल्याकडे एकेरी मार्गाला किमान २ मीटर आणि दुहेरीला ३ मीटर हे आकडे सर्वसाधारणपणे धरतात. मालवाहू तीनचाकी सायकल येत असेल तर ती एकटीच १ मीटरहून जास्त जागा खाते.

तुम्ही मोजायची ती ‘उरलेली’ रुंदी. मार्ग आखलेला दोन मीटर, पण मध्येच विजेचा डीपी बॉक्स, झाडाचं आळं, जाहिरातीच्या फलकाचा पाय. उरलं काय? एक मीटर दहा. मग ती रुंदी एक मीटर दहाच लिहायची. डाव्या कडेला कंपाउंडची भिंत किंवा रेलिंग असेल तर त्यातूनही वीसेक सेंटीमीटर वजा करा, कारण भिंतीला हँडल घासत कोणी जात नाही. वर बघायलाही विसरू नका. फांद्या आणि दुकानांच्या पाट्या जमिनीपासून अडीच मीटरच्या वर हव्यात, नाहीतर उंच माणसाच्या कपाळावर दुकानाचं नाव उमटेल.

एकेरी मार्गावर समोरून कोणी येतंय का, हेही याच वेळी बघा. येत असेल तर त्या माणसाला दोष देण्याआधी दुभाजकाची फट कुठे आहे ते शोधा. ती पाचशे मीटरवर असेल, तर पलीकडच्या दुकानात जाण्यासाठी एक किलोमीटरचा वळसा कोणीही घालणार नाही. अशा रस्त्यावर मार्ग कागदोपत्री एकेरी असला तरी व्यवहारात दुहेरीच असतो, आणि त्याची रुंदीही तशीच हवी.

खांबांचं गणित

या विषयावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण आपल्या शहरांत सगळ्यात जास्त चुकीचं काही बसवलं जात असेल तर ते हे खांब.

स्कूटर-मोटारसायकली सायकल मार्गावर शिरतात म्हणून तोंडाशी बोलार्ड, म्हणजे हे आखूड खांब, लावतात. तरीही शिरतात, म्हणून आणखी जवळ जवळ लावतात. आता टेप घेऊन कुठल्याही स्कूटरचं हँडल मोजा: ७० सेंटीमीटरच्या आसपास. सायकलचंही साधारण तेवढंच. म्हणजे ज्या फटीतून स्कूटर जाणार नाही, तिथून सायकलही जाणार नाही, आणि गेली तरी उतरून, वाकडी करून. व्हीलचेअरचं तर नावच नको. दुधाच्या किटल्या दोन्ही बाजूंना लटकवलेला माणूस तिथे अडकतो आणि रिकामी स्कूटर सफाईने निसटते, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे.

खांबांनी चारचाकी अडवता येते. दुचाकी अडवता येत नाही. खांबांमधली मोकळी जागा १.२ ते १.५ मीटर असावी: कार जाणार नाही, तीनचाकी सायकल आणि व्हीलचेअर जाईल. खांब वळणावर किंवा उताराच्या पायथ्याशी नको. त्याला चमकणारी पट्टी हवी, आणि खांब काढून टाकल्यावर उरलेला लोखंडी खुंट तर मुळीच नको.

मग दुचाकींचं काय? त्या मार्गावर का येतात ते बघा. बहुतेकदा मुख्य रस्ता तुंबलेला असतो आणि मार्ग चौकात थेट पुढे नेऊन सोडतो. रस्त्याच्या आणि मार्गाच्या मध्ये सलग कर्ब, म्हणजे उंच कड, असेल, शिरायची तोंडं मोजकी असतील आणि गर्दीच्या तासाला तिथे वाहतूक पोलीस असेल, तर फरक पडतो. सायकल मार्गावर मोटार वाहन चालवणं नियमाने गुन्हाच आहे, तेव्हा पोलिसाकडे आधार नाही असं नाही. वहीत मात्र नेमकं लिहा: किती वाजता, किती मिनिटांत, किती दुचाकी, कोणत्या फटीतून. ‘दुचाकीवाले शिरतात’ एवढ्याने कोणाचं काही हलत नाही.

मार्ग आणि रस्ता यांच्यात नुसता रंगाचा पट्टा असेल तर तो मार्ग आठवडाभरात पार्किंग होतो. कर्ब असेल तर मार्ग वाहनांपासून वाचतो. कर्बला लागून पार्किंगची जागा दिली असेल तर मध्ये किमान अर्धा मीटर, शक्य असेल तिथे त्याहून जास्त, मोकळा पट्टा हवा, कारण कारचं दार उघडलं की ते जवळजवळ मीटरभर बाहेर येतं. दुचाकींच्या पार्किंगची गंमत वेगळी. स्कूटर साधारण १.८ मीटर लांब. काटकोनात उभी करायला जागा दिली १.५ मीटर, तर उरलेले ३० सेंटीमीटर कुठे जाणार? मागचं चाक ओळीने सायकल मार्गावर. इथे चूक गाडी लावणाऱ्याची नसते, पेन्सिलची असते.

पायाखालचं

रंगाकडे दुर्लक्ष करा. डांबर किंवा सलग काँक्रीट असेल तर चाक गुळगुळीत चालतं. पेव्हर ब्लॉक नवे असताना ठीक वाटतात, पण एका पावसाळ्यानंतर वर-खाली होतात आणि काळ्या सायकलच्या सीटवर बसलेल्या माणसाला प्रत्येक सांधा मोजता येतो. त्यात कोणीतरी केबलसाठी ते उखडतं आणि परत बसवताना नक्षी विसरतं. मला विचाराल तर ब्लॉक फूटपाथला ठेवावेत, सायकलला डांबर द्यावं. चकचकीत रंग मात्र ओला झाल्यावर घसरडा होतो का, ते बुटाचा तळवा घासून बघा.

चेंबरची झाकणं मार्गाच्या पातळीत आहेत का? पावसाळी गटाराच्या जाळीच्या फटी कोणत्या दिशेने आहेत? फटी चाकाच्या दिशेला समांतर आणि दोन सेंटीमीटरहून रुंद असतील तर बारीक टायर आत जातो आणि माणूस हँडलवरून पुढे. हा दोष दुरुस्त करायला जाळी काटकोनात फिरवून बसवणं पुरतं, म्हणून तो अहवालात सर्वात वर लिहा.

बाटलीतलं पाणी मार्गाच्या मधोमध ओता आणि कुठे जातं ते बघा. कडेला वाहून गटाराच्या जाळीत गेलं तर छान. तिथेच बसलं, तर पावसाळ्यात तिथे डबकं आणि डबक्याखाली काय आहे ते कोणालाच दिसणार नाही. आडवा उतार शंभराला दोन असला तरी पुरतो, म्हणजे दोन मीटर रुंदीला चार सेंटीमीटर.

मार्ग जिथे चढतो-उतरतो तिथे रॅम्पची लांबी मोजा. पंधरा सेंटीमीटर उंचीला तीन मीटर लांबी मिळाली तर चढताना कळतही नाही. ६० सेंटीमीटरात चढवला असेल तर तो रॅम्प नाही, ठोकर आहे. रॅम्पच्या तळाला उभी धार राहिलेली असते ती बोटाने तपासा. तिरकं चढताना एक-दोन सेंटीमीटरची धारसुद्धा चाक सरकवते आणि पाडते. माझ्या गुडघ्यावरचा डाग अशाच एका धारेचा आहे. ती भरून काढायला ठेकेदाराच्या माणसाला घमेलंभर काँक्रीट लागलं असतं.

फाटकं आणि बसथांबे

सोसायटीच्या, पेट्रोल पंपाच्या, मंगल कार्यालयाच्या फाटकाशी मार्ग काय करतो ते बघा. तो प्रत्येक फाटकाला खाली उतरून पुन्हा वर चढत असेल, तर शंभर मीटरवर एक घसरगुंडी. बरोबर रचनेत सायकल मार्ग आणि फूटपाथ त्याच पातळीत सलग जातात आणि गाडीला कडेच्या छोट्या उतारावरून वर चढून, त्यांना ओलांडून, परत खाली उतरावं लागतं. त्यामुळे गाडीचा वेग आपोआप मरतो आणि इथे पाहुणा कोण हे न सांगता कळतं.

फाटकातून बाहेर येणाऱ्या चालकाला सायकल दिसते का? १५ किलोमीटर वेगाची सायकल सेकंदाला चार मीटर जाते. बघून ब्रेक दाबेपर्यंत सहा मीटर, मग थांबायला आणखी चार. म्हणजे किमान दहा मीटर आधी एकमेकांना दिसायला हवं, आणि जुन्या सायकलचे ब्रेक ओले असतील तर त्याहून बरंच लांबून. भिंतीच्या कोपऱ्याशी उभं राहून पावलं मोजा.

बसथांब्याला तीन प्रकार आढळतात. मार्ग थांब्याआधी संपून थांब्यानंतर पुन्हा सुरू होतो, हा सर्वात आळशी. दुसऱ्यात मार्ग थांब्याच्या आणि बसच्या मधून जातो, म्हणजे उतरणारा प्रवासी थेट सायकलसमोर पाय ठेवतो. तिसऱ्यात मार्ग थांब्याच्या मागून वळसा घेतो आणि थांबा मध्ये बेटासारखा राहतो. तिसरा चांगला, पण बेट पुरेसं रुंद हवं. आपल्याकडे प्रवासी शेडखाली उभे राहत नाहीत, लांबून येणाऱ्या बसची पाटी वाचायला पुढे सरकून उभे राहतात. म्हणून संध्याकाळी सहाला जाऊन माणसं खरोखर कुठे उभी असतात ते बघा आणि त्यांच्या पायांच्या जागी खडूने ठिपके काढा. ठिपके मार्गावर पडले तर रचना चुकली, प्रवासी नाहीत.

चौक

अर्धा वेळ इथे द्या. दोन चौकांमधला मार्ग कितीही सुरेख असला तरी सायकलवाल्याच्या जिवाशी गाठ चौकात असते, आणि नेमकं चौकाच्या वीस-तीस मीटर आधी लाल रंग विरून जातो. उद्घाटनाच्या फोटोत चौक कधी नसतो, ही माझी जुनी तक्रार.

चौकाच्या कोपऱ्यावर सुरक्षित जागी उभे राहा आणि दहा मिनिटं नुसतं डावीकडे वळणाऱ्या गाड्यांकडे बघा. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, त्यामुळे सरळ जाणाऱ्या सायकलला सर्वात मोठा धोका तिच्या उजवीकडून येऊन डावीकडे वळणाऱ्या गाडीचा. बस किंवा ट्रक असेल तर चालकाला डावीकडचं बरंच काही दिसतच नाही. कोपऱ्याची गोलाई मोठी असेल तर गाड्या वेग न कमी करता वळतात. गोलाई लहान केली, किंवा कोपऱ्याशी सायकलची वाट थोडी आत घेतली, तर गाडी जवळजवळ काटकोनात वळून सायकलसमोर येते आणि चालकाला ती सरळ समोर दिसते. ‘फ्री लेफ्ट’ची, म्हणजे सिग्नलला न थांबता डावीकडे वळायची, वेगळी मार्गिका असेल तर सायकल ती कशी ओलांडणार, याचं उत्तर जमिनीवर रंगवलेलं आहे का? तिथे रस्ता फूटपाथच्या पातळीला उचललेला असेल तर गाड्या थोड्या तरी दबकतात.

मग थांबरेषा. सायकलींना गाड्यांच्या पुढे उभं राहायला जागा आहे का? उजवीकडे वळणाऱ्या सायकलवाल्याने काय करायचं? त्याला वाहनांच्या तीन रांगा कापायला लावणं म्हणजे त्याला देवावर सोडणं. दोन टप्प्यांत वळण्याची सोय हवी: आधी सरळ पलीकडे, तिथे थांबायला जागा, मग पुढच्या सिग्नलला उजवीकडे.

सिग्नलची वेळ मोजा. भरलेली सायकल ताशी १२ किलोमीटरने गेली तर २४ मीटर रुंद चौक ओलांडायला सात सेकंद, शिवाय निघायला दोन. हिरवा दिवा संपता संपता आत शिरलेली सायकल मधोमध असताना दुसरी बाजू सुटते का, ते दोन-तीनदा बघा.

दुहेरी मार्ग रस्त्याच्या एकाच बाजूला असेल तर गल्लीच्या तोंडाशी आणखी एक गोम आहे. गल्लीतून मुख्य रस्त्याला लागणारा चालक उजवीकडे बघतो, कारण गाड्या तिकडून येतात. डावीकडून येणारी सायकल त्याच्या हिशेबातच नसते. अशा ठिकाणी रंग, उंचवटा आणि दोन्ही दिशांचे बाण तिन्ही हवेत.

माणसं मोजा आणि त्यांना विचारा

पंधरा मिनिटं एका जागी बसा. दोन रकाने: मार्गावरून गेलेल्या सायकली आणि मार्ग असूनही शेजारच्या रस्त्यावरून गेलेल्या सायकली. हा दुसरा रकाना सोन्याचा आहे. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातला सायकल मार्ग वापर होत नाही म्हणून काढून गाड्यांना जागा देण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. ‘कोणी वापरत नाही’ हे वाक्य असं वापरलं जातं. तुमच्या वहीत शेजारच्या रस्त्यावरून गेलेल्या चाळीस सायकली नोंदवलेल्या असतील, तर प्रश्न बदलतो: सायकली आहेत, मग त्या इथे का येत नाहीत?

तो त्यांनाच विचारा. चहाच्या टपरीपाशी थांबलेल्याला गाठा. “काका, तुम्ही त्या लाल मार्गावरून का नाही जात?” एकदा मला उत्तर मिळालं, “त्यावरून गेलं की कोपऱ्यावर भजीवाल्याची गिऱ्हाईकं शिव्या देतात.” हे कुठल्याही नकाशात नसतं. आणि भजीवाल्याला उठवा असा त्याचा अर्थ नाही. त्याच्या गाडीला दोन मीटर मागे जागा आखून दिली असती तर भजी आणि सायकल दोन्ही सुखाने नांदली असती. बायकांना मुद्दाम विचारा, विशेषतः रात्रीबद्दल. दिवे रस्त्याच्या बाजूला तोंड करून असतात आणि झाडामागचा मार्ग अंधारात राहतो, हे त्या पहिल्या वाक्यात सांगतात.

मार्ग अजून कागदावरच असेल तर

तर तुम्ही नशीबवान. महापालिकेच्या पथ विभागाकडे किंवा क्षेत्रीय कार्यालयात नकाशा मागा. दिला नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, साधारणपणे तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नकाशात आधी ‘आडवा छेद’ दाखवतील: फूटपाथ, झाड, सायकल, पार्किंग, सगळं हसतखेळत मावलेलं. तो रस्त्याच्या सर्वात रुंद जागेचा असतो. तुम्ही सर्वात अरुंद जागेचा छेद मागा, आणि प्रत्येक चौकाचा व बसथांब्याचा स्वतंत्र तपशील. तो नसेल तर तिथे काय करायचं हे अजून ठरलेलं नाही, आणि ते साइटवर मुकादम ठरवणार. मग नकाशाची प्रत घेऊन रस्त्यावर जा आणि आत्ता उभी असलेली झाडं, डीपी, चेंबर त्यात दाखवलेत का ते ताडून बघा.

पुण्यात राहत असाल तर नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रकासाठी कामं सुचवता येतात. ही पद्धत तिथे २००६-०७ पासून आहे. लहान दुरुस्त्यांना ती सोयीची पडते.

एका पानाचा अहवाल

वीस पानांचा अहवाल कोणी वाचत नाही. एक पान. वर मार्गाचं नाव, तारीख, वेळ, हवामान आणि पाय टेकण्याचा आकडा: ‘१.४ किलोमीटरमध्ये ११ वेळा, पैकी ६ उभ्या गाड्यांमुळे.’ खाली तीन गट. पहिला: या आठवड्यात होणारी कामं, म्हणजे जाळी फिरवणं, धार भरणं, खुंट कापणं, एक खांब काढणं. दुसरा: या वर्षात होणारी, जसं फाटकांची पातळी, पार्किंगची आखणी, दिवे. तिसरा: चौकाची रचना, ज्याला निविदा लागेल. प्रत्येक मुद्द्याला एक फोटो आणि त्यात टेप दिसू द्या. टेप असलेल्या फोटोशी वाद घालणं अवघड असतं.

अर्ज देताना कनिष्ठ अभियंत्याशी आधी नीट बोला. बऱ्याचदा त्यालाही हे दोष माहीत असतात आणि बाहेरून कोणीतरी लेखी दिलेलं त्याला हवंच असतं. पाहणीची तारीख ठरवून घ्या, शक्यतो शाळा सुटायच्या वेळची, आणि त्या दिवशी दोन सायकली न्या. दुसरी त्याच्यासाठी. तांदळाची पिशवी तिच्या कॅरियरवर बांधा.